डेव्हऑप्स शिकायचंय? आधी चार जणांची भिशी लावा

"डेव्हऑप्स शिकायला किती दिवस लागतात?" असा मेसेज मला आठवड्यातून एकदा तरी येतो. विचारणारा बहुतेक वेळा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असतो, नाहीतर पास होऊन वर्ष उलटलेलं असतं. फोनमध्ये चाळीस तासांची प्लेलिस्ट सेव्ह असते, तीन-चार सर्टिफिकेटांच्या पीडीएफ असतात, आणि तरी मनात धाकधूक असते की आपल्याला खरंच काही येतं का.

हे मला ओळखीचं आहे, कारण चार वर्षांपूर्वी मी तिथेच होतो. सोलापुरात इंजिनीअरिंग झालं, एका सपोर्टच्या नोकरीला लागलो आणि रोज रात्री जेवण झालं की गच्चीवर बसून फोनवर डॉकर आणि कुबरनेटिसचे व्हिडिओ बघायचो. बघताना सगळं समजायचं. मग एका कंपनीचं बोलावणं आलं. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली, इस्त्रीचा शर्ट पिशवीत घेतला आणि पुण्याला गेलो. समोर बसलेल्या मॅडमनी कुबरनेटिसचं काही विचारलंच नाही. त्या म्हणाल्या, "सर्व्हरची डिस्क शंभर टक्के भरली. तुम्ही चाळीस जीबीची लॉग फाईल डिलीट केली. तरी डिस्क भरलेलीच दिसतेय. का?"

मी म्हणालो, "रिस्टार्ट करून बघतो."

"रिस्टार्टने सुटेलही. पण का सुटलं, ते सांगा."

सांगता आलं नाही. संध्याकाळच्या गाडीने परत आलो. त्या प्रश्नाचं उत्तर खाली येईल, पण ते मला कुठल्या व्हिडिओत सापडलं नाही. ते एका रविवारी सकाळी, मैत्रिणीने मुद्दाम बिघडवून ठेवलेल्या सर्व्हरवर सापडलं.

डेव्हऑप्स म्हणजे नेमकं काय?

पूर्वी सॉफ्टवेअर कंपनीत दोन वेगळे कंपू असायचे. एक कोड लिहिणारा, दुसरा तो कोड सर्व्हरवर चालवणारा आणि रात्री बंद पडला तर उठणारा. पहिल्याला नवं काहीतरी लवकर बाहेर काढायचं असायचं, दुसऱ्याला काहीच बदलू नये असं वाटायचं. जून २००९ मध्ये अमेरिकेत 'व्हेलॉसिटी' नावाच्या परिषदेत फ्लिकर या फोटोंच्या वेबसाईटचे जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी सांगितलं की आमच्याकडे हे दोन्ही लोक एकत्र काम करतात आणि आम्ही दिवसाला दहापेक्षा जास्त वेळा नवा कोड लावतो. त्या काळी बऱ्याच कंपन्या काही महिन्यांतून एकदा लावायच्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅट्रिक डेबोआ यांनी बेल्जियममधल्या गेंट शहरात 'डेव्हऑप्सडेज' नावाचा मेळावा भरवला. 'डेव्ह' म्हणजे डेव्हलपमेंट, 'ऑप्स' म्हणजे ऑपरेशन्स. नाव तिथून रुजलं.

पण मला हे खरं कळलं ते आमच्या वडिलांच्या कारखान्यात. ते टॉवेलच्या कारखान्यात काम करतात. यंत्रमागावर ताण्याचा एक धागा तुटला आणि माग तसाच चालत राहिला, तर पुढचं सगळं कापड डागी निघतं. म्हणून चांगल्या मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबतो. माणूस येतो, गाठ मारतो, पुन्हा चालू. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ साली असाच 'टाईप जी' माग तयार केला होता. त्याच घराण्याने पुढे मोटारी काढल्या, ती टोयोटा. तिच्या कारखान्यात दोष दिसला की कामगार दोरी ओढून अख्खी लाईन थांबवू शकतो. डेव्हऑप्सवाल्यांनी आपल्या बऱ्याच कल्पना टोयोटाकडून उचलल्या. तुम्ही 'सीआय पाईपलाईन' हा शब्द ऐकला असेल. कोडमध्ये बदल केला की चाचण्या आपोआप चालतात, एखादी फसली की लाल फुली येते आणि गाडी पुढे सरकत नाही. धागा तुटला, माग थांबला. सोलापूरच्या पोराला हे समजायला अमेरिकेचं उदाहरण लागत नाही.

बाकी हत्यारांची नावं पटकन सांगतो, कारण ती कुठेही वाचायला मिळतात. बदलांची नोंद ठेवायला गिट (२००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिहिलं), ॲप आणि त्याला लागणारं सामान एका डब्यात भरायला डॉकर (२०१३), असे खूप डबे सांभाळायला गूगलमधून आलेलं कुबरनेटिस (२०१४), सर्व्हर लिहून मागवायला टेराफॉर्म, लक्ष ठेवायला प्रॉमिथिअस. या सगळ्याच्या खाली लिनक्स. लिनक्स कच्चं असेल तर वरचं सगळं पाठांतर ठरतं.

भिशी कशी सुरू झाली

मुलाखतीतून आल्यावर मी कॉलेजच्या दोन मित्रांना फोन केला. एक पुण्यात टेस्टिंगमध्ये, एक इथेच एका कारखान्याचं बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळतो. त्याच्या ओळखीची बीएस्सी कॉम्प्युटर झालेली एक मुलगी आली आणि माझ्या गल्लीतला दुसऱ्या वर्षाचा एक पोरगा. पाच जण. दर रविवारी सकाळी दहाला भेटायचं, पुण्यातला व्हिडिओवर.

आई म्हणाली, "ही तुमची कसली भिशी?" नाव तेच पडलं. आणि मला वाटतं आईने अगदी बरोबर ओळखलं होतं. भिशीत बायका महिन्याचा हप्ता चुकवत नाहीत. बँकेची नोटीस येईल म्हणून नव्हे. समोर बसलेल्या दहा जणींपैकी एकीची त्या महिन्यात पाळी असते आणि तिने त्या पैशात काहीतरी ठरवलेलं असतं.

आमचा हप्ता एकच: दाखवणे. प्रत्येकाला सात मिनिटं. "मी डॉकरचं वाचलं" चालत नाही. स्क्रीनवर काहीतरी चालू असलेलं दिसलं पाहिजे, किंवा बंद पडलेलं. एरर दाखवली तरी हप्ता भरला असं धरायचं. ही सवलत फार महत्त्वाची होती, कारण पहिले दोन महिने आमच्याकडे एरर सोडून दाखवण्यासारखं काही नव्हतंच. कुणी गोल गोल बोलायला लागला की बाकीचे एका सुरात ओरडायचे, "दाखव की बे!"

सुरुवातीला आम्ही एक चूक केली. हप्ता चुकवला तर पन्नास रुपये दंड ठेवला. तिसऱ्या आठवड्यात बिलिंगवाल्या मित्राने शनिवारी रात्रीच पन्नास रुपये यूपीआयने पाठवले आणि रविवारी अक्कलकोटला गेला. त्याला अपराधी वाटेनासं झालं, हिशोब चुकता झाला ना! पुढे वाचलं की इस्रायलमधल्या पाळणाघरांवर याच विषयाचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला होता. मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर करणारे कमी व्हायच्या ऐवजी वाढले. दंड म्हणजे त्यांना फी वाटायला लागली.

मग आम्ही दंड काढून टाकला आणि कामांची साखळी केली. मी डॉकरफाईल लिहायची, ती घेऊन मैत्रिणीने सर्व्हरवर लावायची, तिने लावलेल्यावर पुण्यातल्याने लक्ष ठेवायची सोय करायची. मी माझं काम केलं नाही तर रविवारी ती नुसती बसून राहणार. एकदा ती खरंच नुसती बसून राहिली, अर्धा तास, काही न बोलता चहा घेत. त्यानंतर मी शनिवार चुकवला नाही. पन्नास रुपयांनी जे झालं नाही, ते त्या अर्ध्या तासाने झालं.

मोडामोडी

महिन्यातल्या एका रविवारी आम्ही 'मोडामोडी' खेळतो. सरावासाठी घेतलेली एक छोटी लिनक्स मशीन असते. एक जण ती आदल्या रात्री बिघडवतो, दुसरा सगळ्यांसमोर दुरुस्त करतो. बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. दुरुस्त करणाऱ्याने प्रत्येक कमांड देण्याआधी मोठ्याने सांगायचं: मला काय दिसेल असं वाटतं, आणि का. हा नियम लहान वाटतो, पण कमांड कॉपी-पेस्ट करायची सवय यानेच सुटते.

कसं बिघडवायचं? एनजिनएक्सच्या सेटिंगमधला एक अर्धविराम काढा. फायरवॉलमधून ८० नंबरचं पोर्ट बंद करा. फाईलचा मालक बदला. एकाच फोल्डरमध्ये लाखो रिकाम्या फाईली तयार करा, मग जागा शिल्लक असूनही नवी फाईल बनत नाही, कारण फाईलींच्या नोंदींची संख्या, म्हणजे आयनोड, संपलेली असते. आमच्यातल्या दुसऱ्या वर्षाच्या पोराने हे कुठून शोधून आणलं कोण जाणे. दीड तास लागला मला.

आणि एका रविवारी मैत्रिणीने डिस्क भरून ठेवली. मी 'डीएफ' कमांडने बघितलं, शंभर टक्के. 'डीयू' कमांडने फोल्डर मोजले, तर बेरीज जुळेना. डीयू म्हणतोय फाईली थोड्या आहेत, डीएफ म्हणतोय डिस्क भरली. मला एकदम पुण्याच्या मॅडम आठवल्या.

तर उत्तर असं. लिनक्समध्ये फाईल डिलीट करणं म्हणजे फोल्डरमधलं तिचं नाव पुसणं. पण एखादा चालू प्रोग्रॅम त्या फाईलमध्ये अजून लिहीत असेल, तर त्याने ती धरून ठेवलेली असते. नाव गेलं, तरी जोपर्यंत तो प्रोग्रॅम सोडत नाही तोपर्यंत जागा मोकळी होत नाही. 'एलएसओएफ' कमांडने डिलीट झालेल्या पण धरून ठेवलेल्या फाईली दिसतात. तो प्रोग्रॅम रिस्टार्ट केला की जागा सुटते, म्हणून माझं "रिस्टार्ट करून बघतो" बरोबर होतं, पण आंधळेपणाने. मोठी लॉग फाईल चालू प्रोग्रॅमच्या हातात असेल तर ती डिलीट करण्याऐवजी आतून रिकामी करायची, आणि मुळात लॉगरोटेट लावायचं, म्हणजे वेळच येत नाही.

पाण्याचा प्रोजेक्ट

मोडामोडीने हात वळतो, पण सर्व्हर आपलाच, बिघाड आपलाच, त्रास कुणालाच नाही. खरं शिक्षण त्यानंतर झालं.

आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो: पाळी असते, काही दिवसांआड येतं, गल्लीगल्लीचा दिवस वेगळा आणि कधीकधी वेळ पहाटेची. पाळी चुकली की पुढच्या पाळीपर्यंत पिंपातलं पुरवायचं, नाहीतर टँकर. आमच्या गल्लीतल्या एका मावशींना पाळीचं सगळं पाठ असतं आणि बदल झाला तर त्यांनाच आधी कळतं. अर्धी गल्ली त्यांना फोन करायची.

आम्ही ठरवलं की याचा एक टेलिग्राम बॉट करायचा. मावशींनी पाळीची तारीख सांगायची, बॉट पुढची तारीख काढणार आणि पाळीच्या दिवशी पहाटे चारला सगळ्यांचे फोन वाजवणार. पाणी पाचला यायचं, सातपर्यंत जायचं. कोड म्हणाल तर पायथनच्या शंभर ओळी. बिलिंगवाल्या मित्राच्या घरच्या लॅपटॉपवर तो तीन आठवडे छान चालला. बारा घरं जोडली गेली. मग एका रात्री वीज गेली, लॅपटॉप झोपला. म्हणून आम्ही बॉट डॉकरच्या डब्यात भरून क्लाऊडवर न्यायचं ठरवलं. डेव्हऑप्स शिकायचंच होतं ना!

याच गडबडीत आमच्यातल्या एकाने बॉटचा टोकन, म्हणजे पासवर्डच, कोडसकट गिटहबवर सगळ्यांना दिसेल असा चढवला. लक्षात आल्यावर त्याने ती ओळख पुसून नवा बदल चढवला आणि सुटलो म्हणाला. सुटला नव्हता. गिट जुना इतिहास जपून ठेवतं, मागचा बदल उघडला की टोकन तिथेच. असं झालं तर पुसत बसू नका, आधी तो टोकन रद्द करून नवा घ्या. टेलिग्रामवर हे काम 'बॉटफादर' करतो.

पण मोठा घोळ पुढे होता. नव्या सर्व्हरवर पहिली पाळी आली आणि मेसेज आलाच नाही. म्हणजे आला, सकाळी साडेनऊला! पाणी येऊन गेलं होतं.

त्या दिवशी गल्लीत एका घरी बारसं होतं. त्यांनी मावशींना फोन केला नव्हता, आमच्या मेसेजवर राहिले होते. त्यांना टँकर मागवावा लागला. त्या घरच्या आजी आईला म्हणाल्या, "तुमच्या पोराच्या मशीनवर विसंबलो की हो आम्ही." मला कुणी काही बोललं नाही. तेच जास्त लागलं.

चूक साधी होती. चारला चालायचं काम क्रॉनने लावलेलं होतं. लॅपटॉपवरचे चार म्हणजे भारतातले चार. पण क्लाऊडवरच्या मशीनचं आणि डॉकरच्या डब्याचं घड्याळ सहसा यूटीसीवर असतं, सर्व्हर मुंबईत असला तरी. यूटीसी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्याचे चार वाजले तेव्हा आपले साडेनऊ.

मी लगेच म्हणालो, सोपं आहे, क्रॉनची वेळ रात्री साडेदहा करू, म्हणजे आपले पहाटेचे चार. बारशाच्या प्रकरणानंतर आम्ही एक नियम केला होता: कुणाचाही बदल दुसऱ्याने वाचल्याशिवाय सर्व्हरवर जाणार नाही. मैत्रिणीने माझा बदल वाचला, वहीत दोन घड्याळं काढली आणि म्हणाली, "पंधरा तारखेच्या पहाटे चारला यूटीसीत अजून चौदा तारीख आहे. स्क्रिप्ट 'आज' म्हणजे चौदा समजणार. पंधराला पाणी असेल तर मेसेज सोळाला जाईल." पुन्हा अख्खी गल्ली कोरडी राहिली असती, माझ्या एका ओळीने.

मग खरा उपाय: डब्याचाच टाईमझोन एशिया-कोलकाता करायचा. त्यासाठी एक सेटिंग असतं, ते केलं. या वेळी शहाणे झालो होतो, म्हणून गिटहब ॲक्शन्सवर एक चाचणी लावली. डबा तयार झाला की त्याच्या आत वेळ विचारायची, आणि यूटीसीपासूनचा फरक अधिक साडेपाच तास आला नाही तर थांबायचं. चाचणी लाल. सेटिंग बरोबर, तरी लाल. दोन तास आम्ही एकमेकांच्या स्पेलिंगच्या चुका शोधत होतो. शेवटी कळलं की आम्ही घेतलेली अल्पाइन नावाची इमेज इतकी छोटी असते की तिच्यात टाईमझोनची माहितीच नसते. 'टीझेडडेटा' नावाचं पॅकेज वेगळं घालावं लागतं. ते नसेल तर अल्पाइन कुठलीही एरर न देता गुपचूप यूटीसी धरून चालत राहतं. ती चाचणी नसती तर पुढच्या पाळीला परत साडेनऊला मेसेज गेला असता. धागा तुटला, या वेळी माग थांबला.

आणखी एक गोष्ट लावली. बॉट चालला नाही तर आम्हाला कळणार कसं? जो बंद पडलाय तोच मेसेज कसा पाठवेल? त्यासाठी उलटी सोय असते. काम झालं की स्क्रिप्टने बाहेरच्या एका सेवेला हाक द्यायची. ठरलेल्या वेळेत हाक पोहोचली नाही, तर ती सेवा आम्हाला ईमेल करते. हेल्थचेक्स नावाची सेवा छोट्या प्रोजेक्टला हे फुकट देते.

सगळं झाल्यावर आम्ही मावशींना दाखवायला गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण आदल्या रात्रीच का सांगत नाही? पहाटे चारला उठवताय ते?" पाच जणांत, तीन महिन्यांत, हे एकालाही सुचलं नव्हतं. आता बॉट आदल्या रात्री आठला सांगतो आणि पहाटे पुन्हा आठवण करतो.

चूक लिहून ठेवायची

या घोळाचं आम्ही दोन पानी टिपण केलं: काय झालं, किती वाजता, कुणाला त्रास झाला, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं. याला पोस्टमॉर्टेम म्हणतात आणि चांगल्या कंपन्यांत त्यात दोष माणसाच्या नावावर लिहीत नाहीत. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनीअरने रात्री दमलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवर कमांड दिली आणि चालू डेटाबेसचा सुमारे ३०० जीबी डेटा उडवला. बॅकअपचे वेगवेगळे उपाय होते, पण वेळेला एकही नीट उपयोगी पडला नाही. एका इंजिनीअरने काही तास आधी योगायोगाने घेतलेल्या प्रतीवरून बराचसा डेटा परत आला, सुमारे सहा तासांचा कायमचा गेला. कंपनीने दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि पुढे सगळं लिहून प्रसिद्ध केलं. ते टिपण जरूर वाचा. माझ्या मते दहा व्हिडिओंपेक्षा त्यात जास्त आहे.

ऑनलाईन चॅलेंजचं काय?

तुमच्या गावात चार जण मिळत नसतील तर ऑनलाईन वाटा आहेत. अलेक्झांडर कॅलावेने २०१६ मध्ये 'हंड्रेड डेज ऑफ कोड' सुरू केलं: रोज एक तास कोड लिहायचा आणि काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. त्याच धर्तीवर मायकल केडने १ जानेवारी २०२२ पासून 'नाइन्टी डेज ऑफ डेव्हऑप्स' म्हणत आपल्या नोट्स गिटहबवर रोज उघड्या ठेवल्या. आपल्याकडे शुभम लोंढे यांच्या 'ट्रेन विथ शुभम'ने हेच नव्वद दिवस हिंदीतून शेकडो पोरांकडून करून घ्यायचा घाट घातला.

याचा फायदा होतो, मी नाकारणार नाही. वेळापत्रक मिळतं. पण मी स्वतः असं एक चॅलेंज चोवीस दिवस केलं आणि माझा अनुभव असा की दहाव्या दिवसानंतर मी शिकण्यासाठी नव्हे, पोस्ट टाकण्यासाठी काम करत होतो. ज्या दिवशी काही जमलं नाही त्या दिवशी एक सोपी कमांड चालवून स्क्रीनशॉट टाकायचो. लाईक तेवढेच यायचे! पंचविसाव्या दिवशी थांबलो तर कुणी विचारलंही नाही. म्हणून चॅलेंज करा, पण त्यात एक जोडीदार धरा, जो तुमचा गिटहबवरचा कोड उघडून स्वतःच्या मशीनवर चालवून बघेल. पुण्यात पायथनचे, लिनक्सचे, क्लाऊडचे मेळावे होतात, बहुतेक फुकट असतात. तिथे असा जोडीदार मिळू शकतो.

फक्त फोन आहे, लॅपटॉप नाही

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, म्हणून स्पष्ट सांगतो. सुरुवातीचे दोन-तीन महिने फोनवर निघतात. तुमचा अँड्रॉइड फोन लिनक्स कर्नलवरच चालतो. टर्मक्स नावाचं ॲप घ्या, शक्यतो एफ-ड्रॉइडवरून. त्यात लिनक्सच्या कमांड, गिट, पायथन, दुसऱ्या सर्व्हरवर जायला एसएसएच, सगळं मिळतं. डॉकर मात्र टर्मक्समध्ये साध्या फोनवर चालत नाही, त्यासाठी कर्नलच्या ज्या गोष्टी लागतात त्या बंद असतात. तेव्हा ब्राउझरमधून चालणाऱ्या मशीन वापरा: गूगल क्लाऊड शेल, किलरकोडा, गिटहब कोडस्पेसेस (महिन्याला काही तास फुकट). गिटहब ॲक्शन्स सार्वजनिक प्रोजेक्टसाठी फुकट आहे, म्हणजे पाईपलाईन तुम्ही बसमध्ये बसूनसुद्धा चालवू शकता. फोनला एक स्वस्तातला ब्लूटूथ कीबोर्ड जोडा, अंगठ्याने सेमीकोलन शोधण्यात आयुष्य घालवू नका.

क्लाऊडच्या मोफत सवलतीच्या अटी बदलत असतात. घरच्यांचं कार्ड देण्याआधी अटी वाचा, बजेट अलर्ट लावा आणि काम झालं की मशीन नुसती बंद न करता काढून टाका. बंद मशीनच्या डिस्कचंही बिल येतं. आमच्या ग्रुपने हे ६४० रुपयांत शिकून घेतलंय.

प्रोजेक्ट निवडताना नेटफ्लिक्सची नक्कल वगैरे करू नका. मुलाखत घेणाऱ्यांनी ती शंभर वेळा बघितलेली असते. तुमच्या घरात, गल्लीत, दुकानात कुणीतरी रोज कुणाला तरी फोन करून एकच गोष्ट विचारत असतं, ती गोष्ट पकडा. माझ्या पुढच्या मुलाखतीत, जिथे मला नोकरी लागली, "तुमची एखादी चूक सांगा" असं विचारलं. मी साडेनऊच्या मेसेजची गोष्ट सांगितली. पाऊण तासातला निम्मा वेळ त्यावरच गेला. टीझेडडेटाचं ऐकून समोरचे सर हसले आणि म्हणाले, आमच्याकडेही झालंय.

बॉटवर आता एकतीस घरं आहेत. दुसऱ्या वर्षाचा पोरगा पास होऊन हैदराबादला गेला, तो व्हिडिओवर असतो, त्याच्या जागी त्याची धाकटी बहीण येते. बारशाच्या घरच्या आजींनी टेलिग्राम काढून टाकलं होतं, ते मागच्या महिन्यात परत घेतलं. येत्या रविवारी बॅकअपवरून अख्खा बॉट नव्या मशीनवर उभा करून दाखवायची पाळी माझी आहे. बॅकअप रोज निघतो, पण तो परत चालतो का हे आम्ही एकदाही बघितलेलं नाही.